भूगोलाच्या बाई आणि नऊ ढाली

आमच्या आत्याने हायस्कूलमध्ये तीस वर्षं भूगोल शिकवला. शाळेच्या भिंतीवर मात्र बास्केटबॉलच्या नऊ ढाली लटकतात आणि त्या नऊही तिने आणल्या. शाळा सोडून बाकी सगळ्यांना हे माहीत आहे.

झालं असं, की खेळाचे सर वर्ष सुरू होताच दुसऱ्या शाळेत निघून गेले. हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत आले. त्यांची नजर फिरत फिरत आत्यावर थांबली.

"बाई, तुम्ही उंच आहात. मुलींचा बास्केटबॉल तुमच्याकडे."

"सर, मी भूगोल शिकवते."

"मग? बॉलही गोलच असतो."

इतकी काटेकोर निवड झाल्यावर आत्याने वाचनालयातून नियमांचं पुस्तक आणलं. पहिला सामना मुली एक्केचाळीस-दोनने हरल्या. ते दोन गुणही समोरच्या मुलीने चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकलेले.

मैदान तर बघण्यासारखं होतं. सिमेंट उखडलेलं, जागोजागी खड्डे. आपटलेला चेंडू कुठे उडेल याचा नेम नसे. आत्याने दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले. संस्थेच्या अध्यक्षांनी तिन्ही काळजीपूर्वक फायलीत लावले. शेवटी तिने फळ्यावर मैदानाचा नकाशा काढला, एकूण एक खड्डा दाखवला आणि मुलींना सांगितलं, "चेंडू जमिनीला लागताच कामा नये. या हातातून त्या हातात."

दोन वर्षं मुलींनी गुडघे फोडून घेतले. तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात समोरच्या संघाला चेंडू कुठे आहे तेच कळेना. त्या वर्षापासून सलग नऊ वर्षं ढाल आमचीच.

मग अध्यक्षांना जाग आली. मैदान गुळगुळीत झालं, फीत कापली गेली आणि मैदानाला शोभेसा पदवीधर प्रशिक्षक आला. आत्याचे आभार राहून गेले. भाषणं जरा लांबली होती. नव्या सरांनी सगळं शास्त्रशुद्ध शिकवलं आणि मुली शास्त्रशुद्ध पद्धतीने पहिल्याच फेरीत गारद झाल्या. त्या दिवशी आत्या घरी येऊन चपला न काढताच बसून राहिली. "पोरी रडत होत्या गं," एवढंच म्हणाली.

ती निवृत्त झाल्यावर शाळेने 'विजयाची परंपरा' नावाचं पुस्तक काढलं. मुद्रितं तपासायला तिच्याकडेच आली. नऊ ढालींचं श्रेय अध्यक्षांच्या दूरदृष्टीला होतं. आत्याचं नाव होतं, नाही कसं? चहापाणी व्यवस्थेत.

"आत्या, खोडून टाक हे!" मी ओरडले.

"मला शुद्धलेखन तपासायला दिलंय, इतिहास नाही." आणि तिने 'दुरदृष्टी'तला ऱ्हस्व 'दु' तेवढा दीर्घ केला.

प्रकाशनाच्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. मंडप सजला, शाली आल्या, अध्यक्ष आले. खेळाडू मात्र फिरकल्या नाहीत. त्या सगळ्या आत्याच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसल्या होत्या. फोन वाजला. हेडमास्तर कासावीस झाले होते.

"बाई, मुली तुमच्याकडे आहेत का?"

"आहेत ना. पाठवू?" आत्याने वळून पाहिलं. एकही जागची हलली नाही. पहिल्या संघाची कर्णधार, आता नर्स आहे, हसत काहीतरी म्हणाली.

"सर," आत्या म्हणाली, "त्या म्हणताहेत, सत्कार टपालाने पाठवा."

फोन ठेवून ती इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.