प्लमच्या फांदीवरचा कावळा

बाबांना ते चित्र कधीच आवडलं नाही. ग्लेन वेव्हर्लीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी ते हौसेने आणलं होतं. लाकडी ठशांनी छापलेलं जपानी चित्र: प्लमची फांदी, पांढरी फुलं आणि एक कावळा. दुकानात चिमणी होती, बगळा होता, प्रत्येकाशेजारी त्याचं त्याचं फूल. मला मेलीला कावळाच भावला. समोरून तो नुसता काळा डाग दिसायचा. कडेने बघितलं, की काळ्यावर काळी पिसं उमटायची. "घरात कावळा कोण टांगतं गं?" बाबा म्हणायचे आणि पॅसेजमधून जाताना नजर वळवायचे.

या हिवाळ्यात बाबा इथेच, परदेशात गेले. आई-बाबा दोघं आमच्याकडे राहायला आली ती माझ्या हट्टापायी. बाबांचा जीव पुण्यात अडकलेला होता, पण परत जायचं राहूनच गेलं.

दहाव्याला मी घरामागच्या लाकडी डेकवर भाताचा पिंड ठेवला. पुण्याचे गुरुजी फोनवर व्हिडिओ कॉलने सांगत होते. एरवी कचरा उचलायच्या दिवशी बिनची झाकणं उचकटणारे, तान्ह्या पोरासारखे रडणारे इथले कावळे नेमके तेव्हा कुठे उलथले होते कोण जाणे. कुंपणावर एक पाखरू नव्हतं. शेजारचा कुत्राही गप्प होता.

कावळा शिवत नाही, म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. "आईला सांभाळीन," मी मोठ्याने म्हटलं. मग, "अस्थी पुण्याला नेईन." मग, "मुलांना मराठी शिकवीन." काही नाही. मला रडू आलं आणि बाबांचा रागही आला. जिवंतपणी काय हवं त्याचा तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि आता हे.

"ताई, दर्भाचा कावळा करून शिववा," गुरुजी म्हणाले. दर्भ कुठून आणू इथे? लॉनचं गवत वळेना. तेवढ्यात बाजूला बसलेली आई उठली, आत गेली आणि भिंतीवरचं ते चित्र काढून घेऊन आली. गुरुजी जरा घुटमळले. "भाव महत्त्वाचा," ते म्हणाले आणि तसेच, तोंड उघडं ठेवून, स्क्रीनवर थिजले. नेट गेलं होतं.

आईने चित्र खुर्चीला टेकवून ठेवलं. पिंडात आणि त्यात हातभर अंतर होतं. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि बाहेर निघताना चपला घालून दारात ताटकळणाऱ्या बाबांना म्हणायची, अगदी त्याच आवाजात म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी आलेच."

तेही वचनच होतं. मी पिंडाकडे वळले.

पिंडाच्या माथ्यावर टोकदार खळगा पडला होता. चार शितं चित्राच्या बाजूला सांडली होती. वारा नव्हता, पंखांचा आवाज झाला नव्हता. चित्रावरची काच कोरडी होती. मी समोर उभी होते, आणि तरी मला चित्रातल्या कावळ्याचं पीस न् पीस दिसत होतं.

बाबा गेले होते. आई मला हवी होती. तिने डोळे उघडायच्या आत मी शितं उचलली आणि बोटाने भात सारखा केला.

"शिवला का गं?" आईने विचारलं.

"नाही. अजून नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग बसते आणखी थोडी."