लहान तोंडाचा कार्बोरेटर

वडशाला मनसारामचं गॅरेज आहे, म्हणजे चार टिनाचे पत्रे आणि त्यांच्याखाली मनसाराम. नव्या गाड्या त्याच्याकडे फिरकत नाहीत, आणि त्यालाही त्यांचं तोंड पाहायची हौस नाही. पण जुन्या पेट्रोल गाडीचा कार्बोरेटर बसवावा तर त्यानेच. इंजिन चालू करायचं, डोळे मिटायचे आणि स्क्रू इवला इवला फिरवत आवाजावरून हवा-पेट्रोल जमवायचं, हे तो चाळीस वर्षं करत आला. गेल्या वर्षापासून त्याला नीट ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. लोकांना कळलं की धंदा बसला, ही भीती त्याला खात होती.

दिवाळीनंतर भागीरथाबाई आणि गुणवंतराव आपली जुनी व्हॅन ट्रॅक्टरमागे दोरीने ओढत घेऊन आले. बाई झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायच्या, नवरा ऑर्गन वाजवायचा. होळीपर्यंत गावोगाव प्रयोग, तोवर ती व्हॅनच त्यांचं घर. आत खाट, शेगडी, पाण्याचा ड्रम, लुगड्यांची ट्रंक. कार्बोरेटर पार झिजलेला, आणि परवा कुरखेड्याला पहिला प्रयोग.

गुणवंतरावांनी नागपूरच्या भंगारबाजारातून दोन नळ्यांचा भलामोठा कार्बोरेटर आणला होता. "एवढं घर ओढते, तं मोठाच पाह्यजे ना जी!"

"घर पाहून नाई, इंजिन पाहून घ्या लागते," मनसाराम म्हणाला. "हे बुढं इंजिन सावकाश श्वास घेते. मोठ्या नळीत हवा रेंगाळन, पेट्रोल तिच्यात मिसळनच नाई. चढावावर गाडी नुसती खोकत राहीन."

त्याने भंगारातल्या जीपचा लहान तोंडाचा कार्बोरेटर धुऊन बसवला. निवड अगदी बरोबर होती. आता राहिला स्क्रू. इंजिनावर हात ठेवून तो फिरवत राहिला. मोठी थरथर हाताला कळते, बारीक अडखळ कळत नाही. शेवटी अंदाजाने त्याने हात काढला.

"भाऊ, मधीच एक ठोका चुकून राह्यला," भागीरथाबाई मोठ्याने म्हणाल्या.

"मले शिकवता का, बाई?" मनसाराम खेकसला. "चाळीस वर्सं झाली मले!"

बिचारे गेले. राइस मिलच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन व्हॅन बंद पडली. गुणवंतराव आणि दोन हमाल ढकलत ती परत घेऊन आले. मनसारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि तसाच उभा राहिला.

"काऊन थांबले, भाऊ?"

"मले आयकू येत नाई, बाई." आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे तोंडातून काढलं. "मानसाचं बोलनं तोंड पाहून कसंतरी समजते. इंजिनाचं नाई समजत."

भागीरथाबाईंनी पदर खोचला, गुणवंतरावांना इंजिन सुरू करायला लावलं आणि मनसारामच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. नाटकातल्या पोरींना ताल शिकवताना त्या पाठीवर बोटं वाजवत. तशीच त्यांनी इंजिनाच्या ठोक्यांबरोबर मनसारामच्या पाठीवर वाजवायला सुरुवात केली. टक टक टक, मग एक खाडा. टक टक, खाडा.

मनसारामने स्क्रू किंचित मागे घेतला. खाडे वाढले. त्याने पुढे घेतला. खाडे विरळ झाले. आणखी केसभर पुढे. आता बोटं एकसारखी पडू लागली.

"झालं, भाऊ," बाई म्हणाल्या. त्याची पाठ त्यांच्याकडे होती, त्याला ते कळलं नाही. कळलं असतं तरी त्याने हात काढला नसता. वर्षभराने तो इंजिन ऐकत होता. बाईंनीही बोटं थांबवली नाहीत.