पाठीचं माप

बायकांचे ब्लाऊज शिवता शिवता मला अडतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकांशी एकच खोटं बोलत आले, पण ते हजारदा तरी बोलले असेन. साठीच्या पुढची एखादी बाई यायची, मागच्या वर्षी शिवलेला ब्लाऊज पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, हा पुढून फुगतो, मागून वर चढतो, तू बिघडवलास. मी टेप लावायचे. मागची उंची वाढलेली असायची, पुढची कमी झालेली. म्हणजे बाईच्या पाठीला बाक आला होता. ते तिच्या तोंडावर कोण सांगणार? मी म्हणायचे, "कापड आटलंय, मावशी. आजकाल कापडच तसलं येतंय." बाई कापडवाल्याला चार शिव्या द्यायची आणि समाधानानं घरी जायची.

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात दोन मशिनं आहेत. एकावर मी बसते, दुसऱ्यावर माझी जोडीदारीण. ती वीस वर्षं रोज उचगावहून बसनं येते आणि मला ताई म्हणते. तोंडानं फटकळ आहे, पण हाताला अशी सफाई दुसऱ्या कुणाच्या नाही, म्हणून मी ऐकून घेते. ते खोटं तिला मीच शिकवलं. गिऱ्हाईक तुटू द्यायचं नसेल तर दोष कापडावर घालायचा, अंगावर नाही, असं मी तिला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं.

मागच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा उचलायला वाकले आणि पाठीत कळ आली. चमक भरली असेल म्हणून आठ दिवस तेल चोळून घेतलं, शेकलं, शेजारणीनं सांगितलेला लेपही लावला. नवव्या दिवशी मला शिंक आली आणि मी होते तिथंच खाली बसले. नवऱ्यानं रिक्षा बोलावली. एक्स-रे झाला, मग हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला. मणके एकावर एक नीट रचलेले आणि मधलाच एक, पायाखाली आलेल्या काडेपेटीसारखा, पुढच्या बाजूनं चेपलेला. "कुठं पडला होतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पडले नाही, शिंकले. त्या हसल्या नाहीत, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

गर्भपिशवी कधी काढली, असंही त्यांनी विचारलं. सदतिसाव्या वर्षी, मी सांगितलं. अंडाशयांसकट का? मला ते माहीतच नव्हतं. तेव्हा आमच्या ओळखीतल्या सगळ्याच जणी काढून घेत होत्या, दुखणं जाईल म्हणून मीही काढली, आत काय ठेवलं आणि काय नेलं हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. ब्लाऊजचं उरलेलं चिंधूकसुद्धा मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय टाकत नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, तेव्हापासूनच हाडं झिजत आली असणार.

औषधं तीन प्रकारची होती. पहिली आठवड्याची गोळी, उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण माझ्या अन्ननलिकेला आधीच सूज होती, म्हणून ती बाद झाली. उरली दोन: दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध. त्यांचा कल सलाईनकडं होता. घरी बोलून ठरवा, पण फार दिवस लावू नका, एक मणका दबला की दुसरा दबायला वेळ लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

घरी बोलायचं म्हणजे नवऱ्याशी. त्यानं चष्मा लावला, फोन काढला आणि त्या औषधाबद्दल जे जे वाईट सापडलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जबड्याचं हाड कुजू शकतं. मांडीचं हाड काही न होता मोडू शकतं. हाडं मोडू नयेत म्हणून घ्यायचं औषध, आणि त्यानंच हाड मोडणार? मी त्याच्यावरच खेकसले, पुरे कर म्हटलं. "तुझं तू बघ बाई," असं म्हणून तो रंकाळ्यावर फिरायला निघून गेला. मला वाटलं होतं तो म्हणेल, घे, किंवा नको घेऊस. काहीतरी म्हणेल.

त्यानंतर घरातली प्रत्येक वस्तू मला भिववायला लागली. पायपुसणं, मोरीची ओली फरशी, जिन्याची शेवटची पायरी. रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की मी दोन्ही हातांनी दांडी धरायचे. शिंक येणार असं वाटलं तर नाक चिमटीत धरून उभी राहायचे. रस्त्यात कुणी घाईनं जवळून गेलं तरी मी भिंतीला चिकटायचे. आणि एवढी भित्री झाले असताना औषधाचं मात्र नाव काढत नव्हते, कारण औषधाची भीती त्याहून मोठी होती.

त्या भीतीला कारणही होतं. माझं एक जुनं गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, हेच सहा महिन्यांचं इंजेक्शन घेत होत्या. ताठ चालायच्या, आवाज वर्गात असावा तसा. मग त्या एकदम वाकल्या. तीन मणके गेले, पट्टा लागला, माप द्यायला येणं बंद झालं. मी माझ्यापुरता अर्थ लावला होता की औषधानंच बाईंचा घात केला. सलाईनचं औषध वेगळं होतं, पण भ्यायलेल्या माणसाला सगळी औषधं सारखीच दिसतात.

दाढेचं निमित्त आयतंच मिळालं. माझी खालची एक दाढ किडून अर्धी तुटली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आधी दाढ काढून घ्या, जखम भरू दे, मगच सलाईन लावू. मी दाढ काढायला गेलेच नाही. दाढ आहे तोवर सलाईन नाही. नवरा विचारायचा तर सांगायचे, लग्नसराई संपू दे. दोन महिने मी त्या किडक्या दाढेला जपलं.

लग्नसराईतलं शेवटचं लग्न माझ्या माहेरचं होतं, शाहूवाडीकडं. माझ्यासाठी ब्लाऊज शिवायचा होता. स्वतःचं माप मी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं एक पेपर कटिंग, म्हणजे कागदावर कापलेला नमुना आहे, त्यावरूनच माझे सगळे ब्लाऊज बेतते. पाठ दुखत होती म्हणून मी ते जोडीदारणीकडं दिलं. तिनं ब्लाऊज शिवला आणि मी पडद्याआड घालून बघितला. आरशात पुढच्या बाजूला चुण्या पडल्या होत्या, गळा सुटला होता. मागून ब्लाऊज वर चढला होता. मी पडदा सारला आणि तिच्यापुढं उभी राहिले.

तिनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मान खाली घालून हातातल्या हुकाकडं बघत म्हणाली, "कापड आटलं असंल, ताई."

ते कापड मी स्वतः भिजवलं होतं, वाळवलं होतं, इस्त्री केली होती. ते आटणार कुठून?

"मला सांगतीस व्हय हे?" मी म्हटलं. "टेप घे. खरं माप सांग."

ती टेप घेऊन माझ्या मागं उभी राहिली. मानेच्या मणक्यावर तिचं बोट टेकलं, मग टेप खाली सरकला. नंतर पुढं आली, खांद्यापासून मोजलं. पुन्हा मागं गेली आणि पुन्हा मोजलं. मी ओरडले तेव्हा बोलली, "मागं दीड इंच जास्ती हाय. पुढं इंचभर कमी." टेप गुंडाळत म्हणाली, "मला दोन वरसं झाली दिसतंय. तुमीच शिकवलंसा की, तोंडावर सांगायचं न्हाय म्हणून."

रागवायला मला जागाच नव्हती. मी खुर्चीवर बसले आणि तिला फळीवरच्या जुन्या मापाच्या वह्या काढायला सांगितल्या. भर दुपारी तिनं शटर अर्धं खाली ओढलं.

आधी आईचं पान काढलं. आई मला गावाकडून ब्लाऊजपीस पाठवायची आणि दिवाळीला आली की माप द्यायची. एकाखाली एक अकरा वेळचं माप होतं, सगळं माझ्या अक्षरात. पुढची उंची दर खेपेला थोडी कमी, मागची थोडी जास्त. शेवटच्या ओळीत अडीच इंचांचा फरक. आई विचारायची, "असं का गं हुतंय?" मी सांगायचे, आई, कापड आटलंय. तिचा एकही ब्लाऊज चुण्या पडलेला कुणी बघितला नाही. लेकीच्या हाताचं शिवण कसं अंगावर बसलंय, असं गावातल्या बायका म्हणायच्या आणि मला अभिमान वाटायचा. अंगणात दोरीवरचा टॉवेल काढताना आई पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती परत चालली नाही. सहा महिन्यांत गेली. तिला कधी कुठली तपासणी, कुठलं औषध झालं नव्हतं, कारण तिला काही झालंय हे कुणाला दिसलंच नव्हतं. दिसत होतं ते मला एकटीला, आणि मी त्यावर छान शिवत बसले होते.

मी रडले. जोडीदारणीनं पाणी दिलं आणि शटरपाशी जाऊन उभी राहिली.

मग शाळेच्या बाईंचं पान काढलं. ते मला भीतीपोटीच बघायचं होतं, औषध नको म्हणायला पुरावा हवा होता. पण पान वेगळंच सांगत होतं. इंजेक्शन सुरू असल्याची तीन वर्षं बाईंचं माप एका सुतानंही हललं नव्हतं. मग एक वर्ष त्या मुलाकडं बंगळूरला होत्या. परत आल्यानंतरच्या मापात पाठ एकदम गेलेली. मी तिथल्या तिथं त्यांना फोन लावला. बाई म्हणाल्या, तिकडं बरं वाटत होतं म्हणून इंजेक्शन सोडून दिलं, कुणाला विचारलं नाही, आणि सगळं त्यानंतर झालं.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी दोन्ही पानं शांतपणे बघितली. ते इंजेक्शन असं मध्येच सोडायचं नसतं, त्या म्हणाल्या, सोडायचं तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं. सलाईनचं औषध हाडात बराच काळ टिकून राहतं, म्हणून माझ्यासारखीला, जी दाढेसाठी दोन महिने काढते, तेच बरं. जबड्याचं विचारलं तर म्हणाल्या, होऊ शकतं, पण क्वचित, म्हणून तर आधी दाढ काढायला सांगतेय. मी विचारलं, "मला काही होणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "तसं वचन मी देऊ शकत नाही. औषध घेतलं नाही तर काय होईल, ते तुमच्या वहीत आहे."

मी त्याच आठवड्यात दाढ काढली. रक्त-लघवी तपासून झालं, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या, जखम भरली. सलाईनच्या दिवशी नवरा बाहेर बाकावर बसला आणि जोडीदारीण माझ्या उशाशी. सुई टोचल्यावर मी सिस्टरना तीनदा विचारलं, थांबवता येतं का. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, येतं की, थांबवू का? मी नको म्हटलं. थेंबाकडं बघवत नव्हतं, म्हणून जोडीदारणीचा हात धरून छताकडं बघत राहिले. त्या संध्याकाळी ताप आला, सगळं अंग ठणकलं, आणि हे होणार म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं असूनही मला वाटलं, संपलं आता. दोन दिवसांनी उतरलं.

त्यानंतर एका गिऱ्हाईक बाईंना मी खरं सांगितलं. पाठीला बाक येतोय, हाडं तपासून घ्या, म्हटलं. त्या रागानं कापड उचलून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या बाईंना मी पाणी देऊन, बसवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आता वर्ष होत आलं. दुसरं सलाईन पुढच्या आठवड्यात आहे आणि भीती कमी झालेली नाही, फक्त तिची सवय झाली आहे. शिंक येताना मी अजून मशिनीला धरते. सलाईननंतर तिसऱ्या दिवशी जोडीदारणीनं वहीत माझं पान उघडलं होतं, पहिलं माप लिहिलं आणि वर्षानं घ्यायच्या मापासाठी खाली एक ओळ मोकळी सोडली. वर्षभर मी ते पान उलटून पुढं जायचे, ती ओळ बघायचा धीर व्हायचा नाही. काल तिनंच वही काढली, टेप गळ्यात टाकला आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"कमी-जास्त आलं तर, ताई?" तिनं विचारलं.

"येईल ते लिही," मी म्हटलं. "कापडावर घालू नको."