घर शे

मी चौथीत शाळा सोडली. म्हणून मला गाण्यातलं कळत नाही, असं कुणी धरून चालू नये.

ऐंशीनंतरची गोष्ट. मोठ्या भावाशी माझं वाजलं. आईसमोर, शेजारपाजारचे ऐकत असताना तो म्हणाला, "तुनं अठे काय शे?" तुझं इथं काय आहे? पिशवी उचलली नि सोनगीरहून थेट जळगाव गाठलं. केळीच्या वखारीत घड उतरवायला लागलो. चार वर्षं घरी गेलो नाही. आईचे निरोप यायचे. मी ऐकून घ्यायचो, बस.

वखारीसमोर चहाची टपरी होती. तिथल्या रेडिओवर एक हिंदी गाणं सारखं लागायचं. बाईसाठी रडणाऱ्या माणसाचं. बाकीचं डोक्यावरून जायचं, पण मधेच तो अगदी स्वच्छ म्हणायचा, "घर शे." हिंदी गाण्यात आपली अहिराणी कशी, हा प्रश्न मला पडला नाही. मुंबईत आपली माणसं थोडी आहेत का? लिहिलं असेल एखाद्यानं. मला एवढंच कळलं, की भावानं जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर आहे. तुझं इथं काय आहे? घर आहे. एका सकाळी चहा अर्धा टाकून उठलो, धुळ्याला एसटी बदलली नि दुपारी घरी पोचलो. आईनं काही न विचारता ताट वाढलं. भावानंही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढं दहा-बारा वर्षांनी पुतणीचं लग्न होतं. पंगत बसली होती आणि कर्ण्यावर तेच गाणं लागलं. मी खुशीत होतो, त्याच्याबरोबर म्हणालो, "घर शे." शेजारी नवरदेवाचे मामा, चाळीसगावचे मास्तर.

"आबा, काय म्हणालात? पुन्हा म्हणा बरं."

मी म्हणालो. मास्तर हसले नि चार जणांना ऐकू जाईल असं बोलले, "अहो, ते 'हर शै' आहे. उर्दू शब्द. शै म्हणजे वस्तू. त्याला प्रत्येक वस्तूत ती दिसते."

पंगत हसली. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणालो, "मास्तर, या शब्दावर मी जळगाव सोडलं. चार वर्षांनी घर पाहिलं."

"म्हणजे तुम्ही चुकून घरी आलात म्हणा की."

चुकून. मी परत आल्यावर आई दोन वर्षं जगली, माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. तेही चुकून का? उर्दू मास्तरांना येतं, मान्य. पण तो शब्द माझ्या कामाला आला, त्यांच्या कधी आला?

हे मी बोलणार, तेवढ्यात भाऊ बुंदीची बादली घेऊन आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी का परत आलो, ते त्याला त्या दिवशीच कळलं. मास्तरांच्या ताटात त्यानं, ते नको नको म्हणत असताना, बुंदीचा ढीग केला.

"मास्तर, आधी जेवा. शब्द मंग निवडा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले बराबर ऐकू उनं." तुला बरोबर ऐकू आलं.

मास्तरांवरचा माझा राग गेलेला नाही. आणि भावानं त्या जुन्या बोलण्याची माफी आजवर मागितलेली नाही, तेही इथं लिहून ठेवतो.