केक सुमनचा होता

आज सकाळी सुमन गेली. आणि मी तिची चोर आहे.

तुम्ही सगळे मला केकवाली निर्मलाताई म्हणून ओळखता. तुमच्या पोरांचे पहिले बर्थडे, साखरपुडे, नाताळची बिस्किटं, सगळं माझ्या हातून गेलं. दुकान बंद केलं तेव्हा इथंच किती छान छान लिहिलं होतं तुम्ही.

मी सगळ्यांना थँक्यू म्हणाले. हे तेव्हाच लिहायला पाहिजे होतं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या जवळ. सुमन आणि मी मॅट्रिकला एका बाकावर. आमची बागायत, गावात मान. तिचे आईवडील मजुरीला जायचे. ती तान्ही असताना घरानं बौद्ध धम्म घेतलेला.

तिची मावशी जालन्याला मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या क्वार्टर्समध्ये स्वयंपाकाला होती. दर नाताळात सुमन तिथं जायची आणि काहीतरी नवीन शिकून यायची.

डालड्याच्या डब्याचा पत्रा वाकवून ती बिस्किटांचे साचे करायची. चांदण्या आणि घंटा तिकडं पाहिलेल्या. पोळ्याचे बैल आणि दिवाळीच्या पणत्या तिच्या स्वतःच्या डोक्यातल्या.

ओव्हन कुठला? मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, आत ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे.

"जल्दी करू नको निमे. आच धीरानं दे," म्हणायची. मी बघता बघता शिकले.

ज्या वर्षी पुढं मोठा दुष्काळ पडला, त्या वर्षीची सव्वीस जानेवारी. शाळेत मुलींनी केलेल्या पदार्थांचं प्रदर्शन होतं. औरंगाबादहून एक पाहुण्या बाई येणार होत्या. त्या मुलींना बेकरीचं काम शिकवायचं केंद्र चालवायच्या.

सुमन म्हणाली, "आपण केक करू. उघड्या पुस्तकासारखा."

"कोणतं पुस्तक?"

"संविधान. सव्वीस जानेवारी हाय ना!"

मैदा, अंडी, साखर आमच्या घरची. देताना आई म्हणाली, "ने. पण कोणी केला ते सांगत बसू नको. गावातलं कोणी हात लावणार न्हाई."

मी मान हलवली. सुमनला हे सांगितलं नाही.

मी मैदा चाळला, अंडी फेटली. तेवढंच माझं. बाकी सगळं तिचं. पानांच्या कडा, मधली घडी, हळदीच्या पिवळ्या रंगाची किनार. वहीच्या कागदाचा कोन करून त्यातून तिनं साखरेच्या ओळी ओढल्या, एकसारख्या, फूटपट्टी लावल्यासारख्या.

पाहुण्या बाई आमच्या टेबलापाशी थांबल्या. वाकून बघतच राहिल्या.

"कुणी केलं हे?"

सुमन माझ्या शेजारी उभी होती. बोटाला हळद अजून तशीच.

"आम्ही दोघींनी" म्हणाले असते तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "मी."

"आणि पुस्तक कोणतं गं हे?"

"शाळेचं."

गावातल्या मोठ्या माणसांनी केक बोटं चाटून खाल्ला. माझ्या वडिलांनी दोनदा घेतला.

घरी जाताना सुमन एकच बोलली. "पुस्तक शाळेचं न्हवतं, निमे."

आठवड्यानं पत्र आलं. केंद्रात एका मुलीची जागा. सहा महिने, राहणं-जेवण फुकट. पत्रावर नाव माझं.

सुमन आमच्या घरी आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. तिला कधी कोणी वर ये म्हणालंच नव्हतं. मीसुद्धा.

"तू खरं सांगणार हाईस का न्हाई?"

"आता सांगितलं तर जागाच जाईल. मी जाते, मंग तुझं नाव घालते. तुला बोलावून घेते."

"खरंच?"

"बिलकुल."

मी जूनमध्ये गेले. त्या साली पाऊस आलाच नाही. सुमन दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली.

तिची दोन पोस्टकार्डं आली. दुसऱ्यावर इतकंच होतं: "माझं कधी?"

मी उत्तर दिलं नाही.

पकडली जाईन ही भीती होती, हो. पण खरं कारण वेगळं होतं. तिथं सगळ्या म्हणायच्या, निर्मलाच्या हातात जादू आहे. मला ते आवडायला लागलं होतं. आणि सुमन आली असती तर एका दिवसात सगळ्यांना कळलं असतं, जादू कुणाच्या हातात आहे ते.

पुढं तिला केदारखेड्याला दिली. मी औरंगाबादला दुकान टाकलं. एकदा ती दवाखान्यासाठी आल्ती, तेव्हा दुकान शोधत आली. मी तिला बिस्किट दिलं. तिनं अर्धं खाल्लं.

"आच जास्त झाली," म्हणाली.

बराबर होतं तिचं. मी हसले, तीही हसली. गिऱ्हाईकं उभी होती. तिची बस होती. माफी राहूनच गेली.

राहून गेली म्हणणंही खोटं. मी मागितली नाही.

आज तिच्या लेकीचा फोन आला. मी रडत म्हणाले, "तुझ्या आईसारखा केक मी जन्मात कुणाचा पाहिला नाही गं."

ती म्हणाली, "मावशी, आईला केक करता येत होता?"

घरात कुणालाच माहीत नव्हतं. लेकरांच्या वाढदिवसाला सुद्धा तिनं कधी केला नाही. बिस्किटं सुद्धा नाही. साचे कुठं गेले, कुणास ठाऊक.

मी त्या पोरीला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला एकटीला सांगून काय उपयोग, मावशी?" ती म्हणाली. "ज्यांनी तुमचं कौतुक केलं, त्यांना सांगा."

म्हणून सांगितलं.

माझं मन मोठं आहे असं कृपया खाली कुणी लिहू नका. काही लिहायचंच असेल तर तिचं नाव लिहा.

सुमन, मी फार उशीर केला गं. तुला माझा अखेरचा जयभीम.