खंडेनवमीची हळद

शांती नगरातल्या आपल्या इमारतीतून काशीनाथ मोकल सकाळी सातला बाहेर पडत, तेव्हा तळमजल्यावरच्या हंसाबेन तुळशीला पाणी घालत असत. वरसाव्याच्या अलीकडच्या पेशी-संशोधन केंद्रात काशीनाथ वीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होते, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होते. तिथे नेमके काय चालते, ते मात्र कुणाला उमगले नव्हते.

"काशीनाथभाई, उधर दवाई बनती है क्या?"

"नहीं बेन. जिंदा पेशी मशीन में देखते हैं."

"खाली देखने का? उसका भी सरकार पगार देती है?" हंसाबेन मनापासून हसत, आणि काशीनाथही हसत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना हसू आले नाही. अकरा वाजता दिल्लीची समिती यायची होती आणि तिचा प्रश्नही हाच असणार होता: नुसते पाहण्यासाठी लोकांचा पैसा आणखी पाच वर्षे का द्यावा? समितीने नकार दिला की केंद्राला कुलूप. काशीनाथांच्या निवृत्तीला अजून चार वर्षे होती.

आठ वाजता ते पोहोचले, तोच संशोधक विद्यार्थिनी नीलम धावत आली. "काका, बघा तरी! रंग न घातलेल्या पेशीसुद्धा चमकतायत!"

फाटलेली पेशी स्वतःला कशी सांधते, हे डॉ. सुरुची मॅडम पाहत होत्या. देहाइतक्या उबेत ठेवलेल्या जिवंत पेशींचे छायाचित्र सूक्ष्मदर्शक तीन दिवस दर पाच मिनिटांनी टिपत होता. एका बशीतल्या पेशींना चमकणारा रंग दिलेला. दुसरीतल्या तुलनेसाठी बिनरंगाच्या. त्या काळोख्याच दिसायला हव्या होत्या. पडद्यावर त्या फिकट हिरव्या उजळल्या होत्या, आणि जखमी पेशी सर्वांत जास्त.

"हे कुणी पाहिलेलंच नाहीये! मॅडम म्हणाल्या, समितीला आधी हेच दाखवायचं."

काशीनाथ पडद्याजवळ वाकले. तो हिरवा रंग त्यांच्या ओळखीचा होता. विज्ञान दिनाला शाळेची मुले येत, तेव्हा निळ्या दिव्याखाली हळद कशी चमकते, हे तेच त्यांना दाखवत.

गावी, पेणजवळ, त्यांचे वडील खंडेनवमीला कोयता आणि नांगर पुजत. ज्यावर पोट भरते ते हत्यार त्या दिवशी बिनपुजलेले ठेवू नये, एवढेच काशीनाथ शिकले होते. यंत्राला बोट लावायचे नाही, असा केंद्राचा नियम; म्हणून दर वर्षी ते शेजारच्या टेबलावर हळदकुंकू वाहून यंत्राला दुरून हात जोडत. यंदा समितीच्या धास्तीने त्यांना दुरून राहवले नाही. सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या दांड्यावर, बरोबर बशांच्या डोक्यावर, त्यांनी हळदीचे बोट ओढले होते. पेशींना सुट्टी नसते. दसऱ्यालाही येऊन त्यांनी बिनरंगाच्या बशीचे झाकण उचलले आणि पोषक द्रव घातला होता.

नीलम चहाला गेली तसे ते दांड्याजवळ गेले. हळद वाळून निम्मी झडली होती, काल उघडलेल्या त्या बशीतच. स्पिरिटच्या कापसाने त्यांनी उरलेली पुसली. कापूस पिवळा झाला. तो त्यांनी खिशात घातला.

आता कुणाला कधीच कळले नसते. समिती खूश झाली असती, केंद्र वाचले असते. पण उद्या दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला, आणि त्याच्या पेशी काळोख्याच राहिल्या, तर मॅडमचे नाव मातीत जाणार होते. खरे सांगावे, तर नोकरी जाणार. साडेनऊपर्यंत ते मॅडमच्या दाराशी दोनदा जाऊन परतले. तिसऱ्यांदा आत गेले.

"मॅडम, त्या पेशी उजळल्या नाहीयेत. हळद आहे ती, मी दांड्याला लावलेली." त्यांनी कापूस टेबलावर ठेवला.

मॅडमनी तो उचलून निळ्या दिव्याखाली धरला. तोच हिरवा.

"काशीनाथ, यंत्राला हात लावू नका, हे तुम्हाला किती वेळा सांगितलंय?"

"दर वर्षी, मॅडम."

दाराशी उभी असलेली नीलम डोळे पुसत निघून गेली.

समितीला मॅडमनी रंगाची बशी दाखवली आणि मग बिघडलेलीही, कारणासकट. पिकल्या केसांच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "ही हळद कुणी लावली?"

दाराशी चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या काशीनाथांनी तो खाली ठेवला. "मी, साहेब."

"आणि पकडली कुणी?"

"मीच, साहेब."

अध्यक्षांनी बरेच काही लिहून घेतले. दारातून ते वाचता येत नव्हते.

पुढचे दोन महिने काशीनाथांना घास गोड लागला नाही. "रात्रीसुद्धा हात धुताय," पत्नी गिरिजा म्हणाली. "किती धुवाल?" डिसेंबरात पत्र आले. पाचऐवजी दोनच वर्षे मंजूर. शेऱ्यात लागोपाठ दोन वाक्ये होती: प्रयोगशाळेत स्वच्छतेची शिस्त ढिली आहे, येथील माणसे चूक लपवत नाहीत. काशीनाथांची नोकरी राहिली.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी घरीच, देव्हाऱ्यापुढे, आपल्या ओळखपत्राला हळदकुंकू वाहिले. साबणाने तीनदा हात धुऊन ते केंद्रात आले आणि आत शिरण्याआधी बोटे निळ्या दिव्याखाली धरून उभे राहिले. नखांच्या कडा हिरव्या चमकत होत्या.

"नीलम," त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "आज बशा तूच लाव गं."