रागावलेलं अस्वल

माझ्या मुलीला सावरलं ते मंडईजवळ जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका आजोबांनी. त्यांचं नाव मी विचारलं नाही. वाशिमहून पुण्याजवळ वाघोलीला आल्यापासून माझी चार वर्षांची पोर बालवाडीत मुलांना चावत होती. "आता चावली तर घरीच ठेवा," बाईंनी बजावलं होतं. घरी ठेवली तर माझं काम सुटणार.

आजोबा प्रत्येक पुस्तक रुमालानं पुसत आणि मुलांकडे तोंड करून धरत. मोठ्यांना दिसायची फक्त पुस्तकाची पाठ.

एकदा पोरीला घेऊन तिथं थांबले, तेव्हा त्यांनी एक चित्रांचं पुस्तक आमच्यापुढं धरलं. मी म्हटलं, "मी पाचवीत शाळा सोडली. वाचताना अडखळते."

"अहो, तुमची परीक्षा कोण घेतंय? चित्र दाखवा, विचारा आणि गप्प बसा. तेवढं जमेल ना?"

मग चित्रातल्या रागावलेल्या अस्वलावर बोट ठेवून त्यांनीच पोरीला विचारलं, "ह्याला काय झालं?"

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्याच्या बोलण्याले सारे हासतेत."

आजोबांनी पान उलटलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मुलं पोरीच्या वाशिमच्या बोलीला हसतात, हे दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं. त्या आता पोरीला जवळ बसवतात. चावणं थांबलंय, तरी मला धाकधूक असतेच.

आजोबा, ही वाचायला शिकली की तुमच्याकडे आणीन. तिथं येणाऱ्या मुलांना ती एक गोष्ट आमच्या बोलीत वाचून दाखवेल. एवढं मी तुमचं देणं लागते.